नर्सेसचा तुटवडा आहे, मग ग्रीन कार्डला इतकी वर्षं का लागतात?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी (तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं आणि एक जुनंच नाव पुन्हा कानावर पडू लागलं: शेड्यूल ए, म्हणजे तिथल्या कामगार खात्याची तुटवड्याच्या व्यवसायांची यादी. नर्स आणि फिजिओथेरपिस्ट यांचा अमेरिकेत तुटवडा आहे, त्यांना एच-१बीची गरज नाही, त्यांना थेट ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो. ही तिन्ही विधानं सुटी सुटी घेतली तर खरी आहेत. एकापाठोपाठ एक वाचली की मात्र त्यातून जो अर्थ निघतो, म्हणजे परीक्षा पास झालं की वर्ष-दीड वर्षात विमानात बसायचं, तो भारतात जन्मलेल्या माणसाच्या बाबतीत खरा नाही.

अमेरिकेत जायचा निर्णय घेणारी मुलं-मुली बहुधा पंचवीस-तिशीतली असतात. कर्ज काढून परीक्षा देतात, इथली बढती नाकारतात, लग्न किंवा मूल पुढे ढकलतात. ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे हे त्यांना नोकरीच्या करारावर सही करण्याआधी कळायला हवं. त्यासाठी कायद्याची पुस्तकं चाळायला नकोत. तुटवड्याच्या यादीत नाव असल्याने काय माफ होतं आणि काय होत नाही, एवढं समजलं तरी पुष्कळ आहे.

ग्रीन कार्डाच्या वाटेवरची तीन दारं

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना. तो नोकरीच्या आधारावर मिळवायचा तर साधारण तीन दारं ओलांडावी लागतात. पहिलं दार तिथल्या कामगार खात्याचं. दुसरं इमिग्रेशन खात्याचं. तिथे मालक 'मला हा माणूस कायमच्या नोकरीसाठी हवा आहे' असा अर्ज करतो. या अर्जाला आय-१४० म्हणतात. तिसरं दार वार्षिक कोट्याचं. कोट्यात तुमचा नंबर लागला की मग मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत वगैरे.

पहिल्या दारावर मालकाला सिद्ध करावं लागतं की या जागेसाठी पात्र आणि तयार असा अमेरिकी माणूस मिळाला नाही. त्यासाठी त्या भागातला त्या कामाचा प्रचलित पगार सरकारकडून ठरवून घ्यायचा, राज्याच्या रोजगार केंद्रात ३० दिवस जागा नोंदवायची, दोन रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, आणखी काही मार्गांनी शोध घ्यायचा, आलेल्या प्रत्येक अर्जाचा हिशेब ठेवायचा. या प्रक्रियेला पर्म म्हणतात आणि तिला सहज वर्षाहून जास्त काळ जातो. १९५२ च्या कायद्यात परिस्थिती उलटी होती: कामगार खात्याने हरकत घेतली तरच परदेशी कामगाराला अडवलं जाई. १९६५ मध्ये हे फिरवलं गेलं आणि आधी परवानगी, मग प्रवेश अशी पद्धत आली. शेड्यूल ए त्या बदलातूनच जन्माला आलं.

यादीत असल्याने काय माफ होतं

काही कामांसाठी अमेरिकी माणसं पुरेशी नाहीत हे कामगार खात्याने आधीच मान्य करून टाकलं आहे. त्या कामांची यादी म्हणजे शेड्यूल ए. तिच्या पहिल्या गटात आज दोनच व्यवसाय आहेत, नोंदणीकृत नर्स आणि फिजिकल थेरपिस्ट. दुसरा गट विज्ञान आणि कलाक्षेत्रातल्या असामान्य क्षमतेच्या लोकांचा आहे. त्याचा मार्ग वेगळा, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

यादीतल्या व्यवसायासाठी मालकाला जाहिरातींचा आणि उमेदवार शोधण्याचा भाग करावा लागत नाही. तो पहिलं दार जवळजवळ वगळून थेट आय-१४० दाखल करतो. प्रचलित पगार मात्र ठरवून घ्यावाच लागतो, आणि कामाच्या ठिकाणी दहा कामकाजी दिवस सूचना लावावी लागते, म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्यांना किंवा त्यांच्या युनियनला हरकत घ्यायची असेल तर घेता येते. नर्सच्या बाजूने एनक्लेक्स-आरएन ही परवान्यासाठीची परीक्षा, किंवा जिथे काम करायचं त्या राज्याचा परवाना, किंवा सीजीएफएनएस या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. एनक्लेक्स मुंबईसह भारतातल्या काही शहरांत देता येते. पुढे व्हिसाच्या वेळी शिक्षण, परवाना आणि इंग्रजी यांची पडताळणी करणारं व्हिसास्क्रीन प्रमाणपत्रही द्यावं लागतं. ती अट १९९६ च्या कायद्याने घातली.

एच-१बीचा उल्लेख वर आला, त्याचाही खुलासा करतो. तो व्हिसा ज्या कामाला किमान पदवी लागतेच अशा कामासाठी असतो. अमेरिकेत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतरही नर्सचा परवाना मिळू शकतो, त्यामुळे वॉर्डातल्या नेहमीच्या नर्सच्या जागेला एच-१बी बहुधा मिळत नाही. नर्सेससाठी एच-१सी नावाचा छोटा तात्पुरता व्हिसा होता, वर्षाला ५०० जागांचा. तो २००९ मध्ये संपला. तात्पुरतं जाऊन तिथे थांबायची सोय इंजिनिअरला आहे, नर्सला जवळपास नाही. तिला सगळी रांग भारतात राहूनच काढावी लागते.

मग अडतं कुठे?

तिसऱ्या दारावर. यादी फक्त पहिल्या दाराबद्दल बोलते, कोट्याबद्दल तिच्यात अक्षरही नाही.

१९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची वार्षिक मर्यादा सुमारे १ लाख ४० हजार ठरवली. ती पाच वर्गांत विभागली आहे. बहुतेक नर्सेस तिसऱ्या वर्गात, म्हणजे ईबी-३ मध्ये येतात आणि त्या वर्गाच्या वाट्याला एकूणाच्या २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४० हजार जागा आहेत. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांहून जास्त जागा नाहीत. चाळीस हजारांचे ७ टक्के म्हणजे सुमारे २,८००.

या २,८०० मध्ये जोडीदार आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलंही मोजली जातात. सगळीच चौकोनी कुटुंबं आहेत असं धरलं तर वर्षाला जेमतेम ७०० भारतीय कर्मचाऱ्यांचा नंबर लागतो. त्या सातशेंत नर्सेस आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत आणि दहा-बारा वर्षांपूर्वी अर्ज केलेले सॉफ्टवेअर इंजिनिअरही आहेत. ईबी-३ मध्ये नर्सेससाठी वेगळी ओळ नाही.

लांब पल्ल्याच्या गाडीत प्रत्येक स्टेशनला बर्थचा कोटा असतो तसं हे आहे. छोट्या स्टेशनावर चार प्रवासी, कोटा उरतो. जंक्शनवर हजारो उभे, तरी कोटा तेवढाच. प्रवासाच्या शेवटी बर्थ रिकामे राहिले तर वेटिंग लिस्टवरच्या सर्वांत जुन्या तिकिटाला मिळतात. अमेरिकेच्या कायद्यातही अशी तरतूद आहे: एखाद्या वर्गात इतर देशांची मागणी कमी पडली तर उरलेल्या जागा सर्वांत जुन्या अर्जदारांकडे जातात, देश कोणताही असो. भारतीयांना काही वर्षी कोट्याहून कितीतरी जास्त ग्रीन कार्डं मिळाली ती यामुळेच. पण अलीकडे इतर देशांतल्या ईबी-३ अर्जदारांनाही दोनेक वर्षं थांबावं लागतं आहे, तेव्हा उरणारं फारसं काही नाही.

प्रायॉरिटी डेट आणि दर महिन्याचं ते पत्रक

रांगेतली तुमची जागा एका तारखेने ठरते, तिला प्रायॉरिटी डेट म्हणतात. शेड्यूल ए मध्ये आय-१४० ज्या दिवशी दाखल झाला तीच ही तारीख. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन प्रसिद्ध करतं आणि त्यात प्रत्येक वर्गासाठी, देशागणिक एक तारीख छापलेली असते. तुमची तारीख तिच्या आधीची असेल तर तुमचा नंबर आला. लोक याला 'डेट करंट झाली' म्हणतात. २०२५ च्या उत्तरार्धात भारताच्या ईबी-३ समोर २०१३ मधली तारीख होती.

म्हणजे बारा वर्षं थांबायचं का? असा हिशेब करू नये, कारण तो दोन्ही बाजूंनी फसवतो. २०१३ मध्ये अर्ज केलेल्यांना बारा वर्षं लागली एवढंच ती तारीख सांगते. आज रांगेत शेवटी उभं राहणाऱ्याच्या पुढे किती माणसं आहेत ते ती सांगत नाही. त्याची प्रतीक्षा कितीतरी जास्त असू शकते. उलट बाजूही आहे. कोरोनाकाळात वकिलाती बंद असल्याने कुटुंबावर आधारित व्हिसा पडून राहिले, ते नियमानुसार पुढच्या वर्षी नोकरीच्या कोट्यात आले आणि २०२२ च्या आर्थिक वर्षात हा कोटा २ लाख ८० हजारांच्या वर गेला. त्या काळात तारखा झपाट्याने पुढे सरकल्या. मागणी वाढली की त्या मागेही जातात, त्याला रेट्रोग्रेशन म्हणतात. कागदपत्रं तयार झाली आणि त्याच महिन्यात तारीख मागे गेली, असं घडू शकतं.

इथे एका गोष्टीपासून सावध राहायला हवं. जादा शुल्क भरलं तर आय-१४० चा निकाल १५ कामकाजी दिवसांत लागतो. ते मंजुरीचं पत्र दाखवून 'इतक्या लवकर काम झालं' असं सांगितलं जातं. पत्र खोटं नसतं. पण ते दुसऱ्या दाराचं पत्र आहे, आणि तिथे कधीच फार गर्दी नव्हती.

नर्सेससाठी वेगळी रांग करायला काय हरकत आहे?

एकदा केली होती. मे २००५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मागच्या वर्षांतले न वापरलेले ५० हजार व्हिसा खास शेड्यूल ए साठी परत मिळवून दिले. ते साधारण दीड वर्षात संपले. त्यानंतर असे प्रस्ताव पुन्हा पुन्हा आले. २०२० पासून मांडल्या जाणाऱ्या एका विधेयकात २५ हजार नर्सेस आणि १५ हजार डॉक्टरांसाठी जुने पडून राहिलेले व्हिसा वापरायची तरतूद आहे. महामारी ऐन भरात असतानाही ते मंजूर झालं नाही.

मला यातलं सर्वांत खटकणारं हेच वाटतं. एक खातं लेखी सांगतं की ही माणसं आमच्याकडे पुरेशी नाहीत, आणि त्याच देशाचा कोट्याचा कायदा त्यांना इतर सर्वांच्या मागे उभं करतो. हे ठरवून केलेलं नाही. कामगार खात्याची यादी आणि काँग्रेसचा कोटा हे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हेतूंनी तयार झाले आणि त्यांची सांगड घालण्याचं काम राहून गेलं. पण त्याची किंमत रुग्ण मोजतात आणि रांगेतली माणसंही मोजतात.

मग ७ टक्क्यांची अटच काढून टाकली तर?

जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने नेमकं तेच करणारं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं होतं. सिनेटमध्ये त्याची गाडी अडली. तिथे हरकत घेणाऱ्यांत केंटकीचे सिनेटर रँड पॉल होते आणि त्यांचा मुद्दा नर्सेसचाच होता. अट काढली तर सुरुवातीची काही वर्षं जवळजवळ सगळ्या जागा रांगेत सर्वांत आधीपासून उभ्या असलेल्या भारतीय तंत्रज्ञांना जातील आणि फिलिपिन्सहून येणाऱ्या नर्सेसचा ओघ थांबेल. हा युक्तिवाद बिनबुडाचा नव्हता. एकूण जागा न वाढवता फक्त वाटप बदललं की एकाची प्रतीक्षा दुसऱ्याच्या गळ्यात पडते. भारतीय अर्जदाराला सात टक्के अन्यायाचे वाटतात, आणि भारताला आणि आइसलँडला सारखीच मर्यादा हे पाहिल्यावर तसं वाटणं साहजिक आहे. तरी जागा वाढल्याशिवाय हा प्रश्न सुटणारा नाही असं माझं मत आहे.

पण तुटवडा खरा आहे का?

हा आक्षेप अमेरिकेतल्या नर्सेसच्या युनियन घेतात आणि तो नीट ऐकून घ्यायला हवा. त्यांचं म्हणणं असं की परवाना असलेल्या नर्सेस देशात कमी नाहीत, एका वेळी इतक्या रुग्णांचा भार उचलायला तयार असलेल्या नर्सेस कमी आहेत. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत हे बंधनकारक केलं. साध्या वॉर्डात हे प्रमाण आज एकास पाच आहे. सगळीकडे असं झालं तर बाहेरून माणसं आणावी लागणार नाहीत, असा त्यांचा दावा. तो पूर्ण पटला नाही तरी त्यातला एक भाग निर्विवाद आहे: परदेशी नर्स करारात अडकलेली असल्यामुळे भार असह्य झाला तरी ती सहज सोडून जाऊ शकत नाही, आणि काही मालकांना नेमकं हेच सोयीचं वाटतं.

यादीतही दोष आहे. १९९१ नंतर तिची सखोल फेरतपासणी झालेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कामगार खात्याने ती कशी सुधारावी याबद्दल लोकांची मतं मागवली, पण २०२४ संपेपर्यंत तिच्यात एकाही व्यवसायाची भर पडली नव्हती. डॉक्टर आज या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक राज्याला वर्षाला ३० सवलती देणारी कॉनराड योजना वगैरे वेगळे मार्ग आहेत.

इतर देशांच्या तुटवड्याच्या याद्या वेगळंच काही माफ करतात, म्हणून एका देशातला अनुभव दुसऱ्याला लावू नये. जर्मनीत तुटवड्याच्या व्यवसायांना ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कामगारांच्या परवान्यासाठी, पगाराची अट सौम्य असते: २०२५ मध्ये सर्वसाधारण अट वर्षाला ४८,३०० युरोची, तर या व्यवसायांना सुमारे ४३,७६० युरोची. ब्रिटनमध्येही अशा यादीतल्या कामांना पगारात २० टक्के सवलत होती. ती एप्रिल २०२४ मध्ये काढून टाकली, कारण त्यातून परदेशी माणूस स्वस्तात मिळायचा मार्ग तयार झाला होता. या दोन्ही ठिकाणी देशनिहाय वार्षिक कोटा नाही, त्यामुळे तिथे भारतीय नर्सला जन्मदेशामुळे वेगळं थांबावं लागत नाही.

आपल्या रुग्णालयांचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी एक संहिता स्वीकारली. ज्या देशांत आरोग्य कर्मचारी फारच कमी आहेत तिथून सक्रिय भरती करू नये असं ती सांगते. २०२३ च्या यादीत असे ५५ देश आहेत आणि भारत त्यांत नाही. तरी आपल्या ग्रामीण रुग्णालयांत काय परिस्थिती आहे हे आपल्याला दिसतंच. इथल्या खासगी रुग्णालयांतला नर्सेसचा पगार आणि कामाचे तास पाहिले तर जाणाऱ्यांना दोष देणं मला योग्य वाटत नाही.

रांगेत असताना लक्षात ठेवायच्या गोष्टी

कोटा नागरिकत्वावर नाही, जन्मस्थळावर मोजला जातो. आईवडील भारतीय असले तरी मस्कतला किंवा दुबईत जन्मलेली नर्स भारताच्या रांगेत येत नाही. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्याचा देश धरता येतो. हे अनेकांना माहीतच नसतं आणि काहींची बरीच वर्षं यामुळे वाचू शकतात.

आय-१४० मंजूर झाल्यावर मिळालेली प्रायॉरिटी डेट सहसा तुमचीच राहते. मालक बदलला तर नव्या मालकाला नवा आय-१४० करावा लागतो, पण जुनी तारीख त्याला जोडता येते. फसवणूक किंवा खात्याची मोठी चूक अशा काही कारणांनीच ती जाते. त्यामुळे मंजुरीची नोटीस जपून ठेवा, आणि तिची प्रत देणार का हे मालकाला सुरुवातीलाच विचारा.

मुलांचं वय हा सर्वांत दुखरा भाग. मूल २१ वर्षांचं झालं की ते आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. २००२ च्या कायद्याने थोडा आधार दिला: आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. पण आय-१४० पंधरा दिवसांत मंजूर करून घेतला असेल तर वजाही जवळपास तेवढेच दिवस होतात. ज्यांचं मूल आज दहा वर्षांचं आहे त्यांनी जादा शुल्क भरण्याआधी याचा विचार करावा.

आणि करार. मुदतीआधी नोकरी सोडली तर अमुक हजार डॉलर भरा, असं कलम त्यात बहुधा असतं. न्यूयॉर्कमधल्या नर्सिंग होमसाठी आणलेल्या फिलिपिनो नर्सेसच्या खटल्यात २०१९ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने २५ हजार डॉलरचं असंच कलम बेकायदा ठरवलं. पण तो निकाल मिळवायला त्यांना कोर्टात जावं लागलं, आणि नव्या देशात, पहिल्याच वर्षी ते सगळ्यांना जमत नाही. सहीआधी विचारा: पगार रुग्णालय देणार की भरती करणारी कंपनी, कराराची वर्षं की कामाचे तास मोजणार, प्रशिक्षणाचे तास त्यात धरणार का, कोणत्या शहरात पाठवणार, आणि रांग लांबली म्हणून मालकाने मधेच अर्ज मागे घेतला तर तोवरचा खर्च कोणाचा. उत्तरं लेखी घ्या. कराराची प्रत घरी नेऊन वकिलाला दाखवू द्यायला कोणी नकार दिला, तर त्या माणसाबरोबरचा व्यवहार तिथेच थांबवा.